भाताच्या गंजातले बेडूक

बेडूक पिल्लं घालतो, असं मी चौथीच्या मुलांना सलग सहा वर्षं शिकवलं, आणि या सहा वर्षांत एकाही बेडकानं तक्रार केली नाही.

तक्रार केली ती सोनीनं. आणि तीही नेमकी विस्तार अधिकारी साहेब माझ्या वर्गात खुर्ची टाकून बसले असताना!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आरमोरीपासून आठ-दहा मैलांवर, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, संपतात आणि जंगल सुरू होतं तिथल्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर गुरुजी होतो. माझा प्रांत कवितेचा. शास्त्र मी अंदाजानं शिकवत असे. (अंदाज बहुधा बरोबर येत. चुकत तेव्हा कोणाला कळत नसे.) लहानपणी मी एका धिप्पाड बेडकाभोवती नखाएवढे दहा-बारा बेडूक उड्या मारताना पाहिले होते. मोठी ती आई, लहान ती लेकरं, असा निकाल मी तेव्हाच लावून टाकला होता. पुस्तकात अंड्यापासूनचं चित्र होतं, नाही असं नाही. पण ते पान मी दरवर्षी 'घरून वाचून या' म्हणून सोडून देत असे.

तर त्या दिवशी साहेबांसमोर मी आवाज लावला, "मुलांनो, बेडूक हा उभयचर प्राणी आहे. तो पाण्यात राहतो, जमिनीवर राहतो, आणि एका वेळी दहा-बारा पिल्लं घालतो."

सोनीनं हात वर केला. जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, रोज दोन मैल चालत येणारी गोंडांची पोर. एरवी तोंडातून शब्द नाही.

"गुरुजी, बेंडूक पिल्ले नाई देत. अंडे देते."

"बस खाली."

"देते जी! साबुदान्यावानी रायते. मंग त्यातून शेपटीवाले पोट्टे निंगते. मंग त्याहिले पाय फुटते."

मी साहेबांकडे पाहून समजूतदार हसलो. "काय कल्पनाशक्ती असते पाहा साहेब, या वयात!"

साहेब हसले नाहीत. साहेब शास्त्राचे पदवीधर निघाले!

"गुरुजी," ते म्हणाले, "ती बरोबर सांगते आहे. तुम्ही बसा खाली."

मी बसलो. (मुलांच्या रांगेत. वर्गात दुसरी खुर्ची नव्हती.)

जाताना साहेबांनी फटफटीला किक मारता मारता निकाल सांगितला. "पोळ्याच्या आधी मी पुन्हा येणार. बेडकाचा सगळा जीवनक्रम मला या शाळेत प्रत्यक्ष दिसला पाहिजे आणि मुलांना सांगता आला पाहिजे. नाहीतर एटापल्लीकडे एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव मी तिथं सुचवतो."

आता जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जंगलात असलेल्या एटापल्लीशी माझं काही वैर नव्हतं. पण माझी बायको प्रमिला नर्स होती. लग्नानंतर चार वर्षं ती माजरीकडे कोळशाच्या धुरात आणि मी इकडे धानाच्या चिखलात, असा आमचा संसार एस.टी.च्या वेळापत्रकावर चालला होता. किती अर्ज, किती खेटे, तेव्हा कुठं त्या उन्हाळ्यात तिला याच गावचं उपकेंद्र मिळालं होतं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. एका चुलीवरचा चहा दोघांनी एकाच वेळी पिण्याची सवय लागून पुरता महिना झाला नव्हता. आणि आता एका बेडकानं पिल्लं घातली नाहीत म्हणून मी एटापल्लीला जाणार!

घरी येऊन सगळं सांगितलं. प्रमिलानं काचेच्या सिरिंजा उकळत ठेवल्या होत्या, त्यातून मान वर केली.

"सहा वर्सं तुमी पोट्ट्याहिले हेच शिकवलं?"

"हो."

"अन् मले वाटे का मी गुरुजीसंग लगन केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लोटा घेऊन गावाबाहेरच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे छोटा तलाव. मुलांना विचारणं कमीपणाचं वाटलं. शेवटी गुरुजी मी! काठाच्या पाण्यात बारीक बारीक जीव सळसळत होते. शेपूट होतं, डोळे होते, पाण्यात होते. आणखी काय पाहिजे? लोटाभर उचलून आणले आणि घरातल्या सगळ्यांत मोठ्या भांड्यात सोडले. हे भांडं म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेला, शंभर माणसांचा भात शिजेल एवढा ॲल्युमिनियमचा गंज. शाळेत ठेवता आले असते, पण शाळेला दार नव्हतं आणि गावच्या शेळ्यांना तहान फार.

रोज सकाळी मी भिंग घेऊन गंजावर ओणवा होत असे. पाय शोधत असे. दहा दिवस झाले, जीव वाढले, चपळ झाले, पायांचा पत्ता नाही!

"पावसाळी गारव्यामुळे उशीर होत असेल," मी म्हणालो.

प्रमिला शेजारी येऊन वाकली. क्षणभर पाहिलं.

"आयका जी, याहिले पाय नाई फुटनार."

"तुला काय माहीत?"

"ह्या मासोळ्या हायेत. कांदा चिरू का?"

निमूटपणे मी मासोळ्या बोडीत सोडून आलो आणि त्या दिवशी शाळेत सोनीला हळूच बोलावलं. "सोनी, ते तुझे शेपटीवाले पोट्टे... कुठं भेटतात?"

"बांधीत भेटते जी. पऱ्ह्याच्या कडंनं. आमी आनून देतो."

अख्खी चौथी पऱ्ह्यात, म्हणजे धानाच्या रोपवाटिकेत, घुसली आणि तासाभरात पन्नास काळे, गोल डोक्याचे जीव गंजात आले. सोबत शेवाळ, दोन दगड आणि पुष्कळसा चिखल. मला इतका आनंद झाला की मी त्यांची हजेरी लावायला घेतली. (हसू नका. वर्गाची हजेरी लावणाऱ्या माणसाला समोर पन्नास जण दिसले की हात आपोआप वहीकडे जातो.) सोमवारी पन्नास. मंगळवारी सेहेचाळीस. बुधवारी एकेचाळीस!

"प्रमिला, मांजर येते वाटतं घरात."

"मांजर पान्यात हात घालते का?"

"मग शेळी..."

शुक्रवारी पस्तीस झाले तेव्हा मी वर्गात चौकशी लावली. कोणी उचलून नेतं का? सोनी खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, हे पिवळ्या मोठ्या बेंडकाचे पोट्टे हायेत. थे एकमेकाले खाते."

पन्नास लेकरांचं वसतिगृह मी चालवत होतो आणि तिथं विद्यार्थीच विद्यार्थ्यांचा नाश्ता करत होते! त्या दिवसापासून गंजात उकडलेला पाला, भाताची शितं आणि उकडलेल्या अर्ध्या अंड्याचा भुगा पडू लागला. (उरलेलं अर्धं अंडं माझ्या वाट्याचं होतं. मी त्यागी माणूस आहे.) पोट भरलं तशी गळती थांबली.

इकडे प्रमिलाची वेगळीच पंचाईत झाली. पावसाळ्यात आमच्या भागात हिवतापाचा जोर. नर्सबाईंनी दारोदार जाऊन सांगायचं की घरात पाणी साचू देऊ नका, मडकी पालथी घाला, डास होतात. आणि गाव तिला म्हणायला लागलं, "बाई, पयले तुमच्या घरचा गंज पालथा करा, मंग आमाले सांगा."

ती तणतणत घरी आली. "अवो, लोकं हासून राह्यले माह्यावर!"

"त्यांना सांग, बेडूक डास खातो."

"कवा खाईन? सध्या तं थो तुमचं अंडं खाऊन राह्यला!"

पण खरं सांगतो, पहिले मागचे पाय फुटले त्या दिवशी भिंग माझ्या आधी तिच्या हातात होतं. आम्ही दोघं गंजाच्या दोन बाजूंनी डोकी टेकवून बसलो होतो. राईएवढी बोटं, तीही मोजून पाच. मग आठवड्यानं पुढचे पाय आले, कोपरापासून बाहेर ढकलल्यासारखे. "पाहा," मी ज्ञान पाजळलं, "आता शेपूट गळून पडणार." आणि पुढचे तीन दिवस मी गळलेली शेपटं गोळा करण्यासाठी चहाच्या गाळणीनं गंज गाळत होतो! मुलांना दाखवायला बाटलीत भरून ठेवणार होतो. एक शेपूट सापडलं नाही. शेवटी सोनीनंच दया येऊन सांगितलं, "गुरुजी, शेपूट पडत नाई जी. आतल्या आत जिरते. म्हनूनच थो तवा काई खात नाई."

गाळणी प्रमिलानं खिडकीतून बाहेर फेकली.

त्याच सुमारास गंजातले जीव सारखे पाण्यावर तोंडं काढू लागले. प्रमिलानं नर्सच्या नजरेनं ओळखलं. "याहिचे कल्ले गेले जी. आता हवा पायजे त्याहिले. बसाले काई तरी ठेवा, नाई तं बुडून मरतीन." बेडूक पाण्यात बुडून मरेल, हे वाक्य आयुष्यात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मी तत्परतेनं एक वीट आणून गंजात उभी केली. वीट गंजाच्या काठापर्यंत अगदी बरोब्बर पोचली. माझ्या मापाचं मलाच कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकात मी झाकण ठेवायला विसरलो.

पुढच्या खोलीत दवाखाना भरला होता. गावातला रामभाऊ, सहा फूट उंच, कुऱ्हाड भिंतीला टेकवून, इंजेक्शनसाठी बाही वर करून बसला होता. प्रमिलानं कापसाच्या उघड्या बरणीत हात घातला. बरणीतून नखाएवढा एक बेडूक निघाला आणि टुणकन रामभाऊच्या मांडीवर बसला. दुसरा तिच्या पांढऱ्या पदरावरून खाली उतरत होता. तिसरा औषधाच्या फळीवर, बाटल्यांमध्ये, लेबल वाचल्यासारखा.

"बाई," रामभाऊ बाही खाली करत म्हणाला, "मले आता बम आराम वाटून राह्यला."

"अवो भाऊ, सुई तं घ्या!"

"नाई नाई! पुरा बरा झालो!" आणि तो कुऱ्हाड विसरून गेला.

मग जी धांदल म्हणून झाली! तांदळाच्या कोठीत तीन, माझ्या चपलेत एक, दिव्याच्या कोनाड्यात दोन. मी रांगत होतो, प्रमिला झाडू घेऊन माझ्यामागे. (झाडू बेडकांसाठी आहे की माझ्यासाठी, याचा शेवटपर्यंत खुलासा झाला नाही.) पोरांना बोलावून एकेक बेडूक ओंजळीतून गंजात आणला आणि वर चाळणी बांधली. हजेरी घेतली. एकतीस. काही अजून शेपटीचे, काही बिनशेपटीचे, दोन-चार आळशी फक्त मागच्या पायांवर. साहेब आत्ता आले असते तर जीवनक्रम काय, सगळं खानदान दाखवलं असतं! पण साहेब आले नाहीत.

आणि पाणीही आलं नाही.

ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पावसानं डोळे वटारले. आठ दिवस झाले, बारा झाले. बांध्या भेगाळल्या. रोपं पऱ्ह्यातच पिवळी पडायला लागली. गावानं धोंडी काढायचं ठरवलं. आमच्याकडची ही जुनी रीत. मुसळाला कडुलिंबाच्या डहाळ्या आणि एक बेडूक बांधून घरोघर हिंडायचं, बायकांनी वरून पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. सगळी तयारी झाली. फक्त बेडूक मिळेना! कोरड पडली तसे सगळे बेडूक चिखलात खोल जाऊन बसले.

आणि मग गावाला आठवलं.

सकाळी दारात तीस-चाळीस माणसं. पुढं गोदाआजी. हिची दोन एकर रोवणी थांबलेली आणि जीभ मात्र कधीच न थांबलेली.

"गुरुजी, एक बेंडूक द्या जी. धोंडीले पायजे."

आता आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून नवस, अंगारे, धुपारे सगळं बंद. वडिलांनी मला शिकवलं ते कशासाठी? मी ओसरीवर उभा राहून पाऊस कसा पडतो यावर भाषण केलं. समुद्र, वाफ, ढग, वारे, सगळं! पाऊण तास. गोदाआजी शांतपणे ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "म्हंजे तुमीच केलं हे."

"मी? मी काय केलं?"

"बेंडकाचे सारे पोट्टे घरात कोंडून ठेवले ना? माय-बाप रुसले त्याहिचे. ओरडतच नाईत. बेंडूक नाई ओरडला तं पानी कायले येईन?"

मागून माणसं गलका करू लागली. "बराबर हाय!" "गुरुजीनंच पानी अडवलं!" "साहेबाले कागद द्या!" हा शेवटचा आवाज मात्र खरा धोक्याचा. गावानंच तक्रार केली तर एटापल्लीला साहेबांची वाट पाहण्याचीही गरज नव्हती.

मी आत वळलो. "प्रमिला, काय करू?"

"काय करू म्हंजे? त्या बाईचे पऱ्हे वाळून राह्यले, अन् तुमी भाषन देऊन राह्यले." ती बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, बेंडूक मुसळाले बांधाचा नाई. जीव हाय थो. पायजे तं गंजासकट सारे घ्या, गावातून फिरवा अन् बोडीत सोडून द्या. मंजूर हाय का?"

गोदाआजीनं विचार केला. "मंजूर. पन ज्याच्या घरचे बेंडूक, गंज त्यानं डोक्यावर घ्याचा." (असा काही नियम नाही. तिनं तो तिथल्या तिथं काढला.)

मी हिशेब केला. पोळा चार दिवसांवर. साहेब इतके दिवस आले नाहीत, ते आता कशाला येतात? बेडूकही सुटतील, गावही शांत होईल. मी होकार दिला.

अर्ध्या तासानं मी गावाच्या रस्त्यावर होतो. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गंज, गंजात एकतीस बेडूक. कमरेला कडुलिंबाच्या डहाळ्या, गळ्यात डहाळ्या, कानावरही कोणीतरी एक खोवलेली. पुढं डफ, मागं बायका गात गात. प्रत्येक दारातून एक बाई घागर घेऊन निघे आणि माझ्यावर रिती करी. सहा वर्षं ज्यांच्या पोरांना मी छड्या दिल्या, त्या माउल्या त्या दिवशी हात आखडता घेत नव्हत्या! गंजातून दोन बेडूक उतरून माझ्या खांद्यावर येऊन बसले होते. आणि चौथीचा वर्ग टाळ्या पिटत माझ्याबरोबर.

शाळेच्या वळणावर फटफटीचा आवाज आला.

साहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी तसाच होतो.

"गुरुजी! हे काय?"

"जीवनक्रम आहे साहेब."

"डोक्यावर?"

"फिरता पाठ आहे."

डफ थांबला. माझ्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर मला एटापल्लीचा रस्ता स्पष्ट दिसत होता, नाल्यांसकट.

"गंज खाली ठेवा," साहेब म्हणाले. मग मुलांकडे वळले. "कोण सांगेल?"

सोनी पुढं आली. गंजात हात घालून तिनं एकेक बाहेर काढला आणि तळहातावर साहेबांसमोर धरला. "हे पाहा साहेब, याले फक्त मांगचे पाय हायेत. मांगचे पयले येते. याले समोरचे बी आले. याचं शेपूट अर्धं जिरलं, म्हनून थो उपाशी हाय. अन् हा पुरा झाला. पयले कल्ल्यानं श्वास घेये, आता फुप्फुसानं घेते, अन् कातडीनं बी. म्हनून त्याची कातडी ओली ठेवा लागते. अंडे आता नाई दाखवता येत जी, पानी आला की मंग देते."

माझी छाती गळ्यातल्या डहाळ्यांसकट फुगली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "हे सगळं तुला गुरुजींनी शिकवलं?"

"नाई जी," सोनी म्हणाली. "गुरुजीले आमी शिकवलं."

"गुरुजी तं चायच्या गाळनीनं शेपूट शोधत होते!" मागून कोणीतरी खुलासा केला. अख्खी चौथी हसली. गावही हसलं. एक बेडूक साहेबांच्या बुटावर जाऊन बसला, आणि शास्त्राचे पदवीधर साहेब असे उडाले की त्यांच्यापुढं बेडकाची उडी काहीच नाही!

धोंडी गंज घेऊन पुढं बोडीकडे गेली आणि साहेब मला घेऊन शाळेत. ते शेरेबुक उघडून बसले. मी समोर उभा, अंगावर पाला, पायाखाली डबकं. उलट्या बाजूनं अक्षर वाचण्यात शिक्षकाचा हात कोणी धरत नाही. साहेब लिहीत होते, 'मुलांची तयारी उत्तम. तथापि शिक्षक स्वतः गावातील अंधश्रद्धेत भाग घेताना आढळले, सबब त्यांची बदली...'

इथपर्यंत पेन आलं आणि कौलांवर टप्प झालं.

मग टप्प, टप्प. मग एकदम सगळं आभाळच! समोरचं पटांगण दिसेना. माझं काळीज लकाकलं, आणि लगेच विझलं. आता तर गाव मला देवळातच बसवणार, आणि साहेब ते डोळ्यांनी पाहणार. संपलंच सगळं!

पावसातून बायका धावत येत होत्या. पुढं गोदाआजी, चिंब भिजलेली, हातात नारळ आणि कुंकू. मी दोन पावलं मागं सरलो. "आजी, हे बघा, हा निव्वळ योगायोग..."

"सरका जी तुमी!" तिनं मला कोपरानं बाजूला केलं आणि सरळ साहेबांच्या कपाळावर बोटभर कुंकू ओढलं. "बारा दिवसापासून एक थेंब नाई. साहेबाचा पाय गावाले लागला अन् पानी आला! केवढा पायगुण!"

"अहो... हे... हे शास्त्रीय नाही..." साहेब म्हणत होते, पण तोवर नारळ त्यांच्या हातात होता आणि कोणीतरी माझ्याच गळ्यातल्या डहाळ्या काढून त्यांच्या गळ्यात घातल्या होत्या. आणि मी शपथेवर सांगतो, साहेबांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. आयुष्यात त्यांच्या पायांना कोणी चांगलं म्हटलं नसावं.

बायका गेल्या. पाऊस कोसळत होता. साहेबांनी शेरेबुकाकडे पाहिलं. 'अंधश्रद्धेत भाग घेताना आढळले' या शब्दांवर त्यांच्या कपाळावरचं कुंकू ओघळून एक लाल थेंब पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग साहेबांनी 'अंधश्रद्धेत' खोडून वर 'लोकसहभागात' लिहिलं. 'सबब त्यांची बदली' याच्यापुढं 'करण्याची आवश्यकता दिसत नाही' एवढं जोडलं. सही ठोकली, नारळ पिशवीत टाकला आणि पाऊस जरा ओसरताच फटफटीला किक मारून निघून गेले. कुंकू पुसायचं मात्र विसरले.

मी पळतच घरी आलो. दारातच ओरडलो, "बदली नाही! शेऱ्यात लिहिलंय, बदलीची आवश्यकता नाही!"

प्रमिला चुलीपाशी बसली होती. तिनं टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला, कानामागची कडुलिंबाची डहाळी काढली, समोर चहाची कपबशी ठेवली, तिची स्वतःची शेजारी. डोळे तिचे भरलेच होते, धुरानं म्हणा किंवा कशानं म्हणा. मला वाटलं, आता ही काहीतरी गोड बोलणार. चार वर्षं एस.टी.च्या खिडकीतून निरोप घेतलेल्या बाईनं अशा वेळी नाही बोलायचं तर कधी?

चहाचा एक घोट घेऊन ती म्हणाली, "बरं झालं जी, बदली नाई झाली थे."

"हो ना!"

"एटापल्लीचे बेंडूक वाचले."